डिक्वाच्या वॉर्डातला पावसाळा

नायजेरियाच्या ईशान्य कोपऱ्यात बोर्नो नावाचं राज्य आहे. मैदुगुरी ही त्याची राजधानी, आणि तिथून पूर्वेला साधारण 90 किलोमीटरवर डिक्वा. 2024 चा पावसाळा मी डिक्वातल्या कुपोषित मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढला. त्याआधी माझी बरीच नोकरी नंदुरबार जिल्ह्यात झाली, धडगाव-अक्कलकुव्याची मुलं यायची त्या पोषण पुनर्वसन केंद्रात. म्हणून जाताना घरच्यांनी आणि सोबतच्या सिस्टर्सनी एकच विचारलं, की कुपोषणच बघायचं तर एवढ्या लांब कशाला? तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आता सांगते.

बोर्नोतल्या उपासमारीचं मूळ दुष्काळात नाही, लढाईत आहे. 2002 च्या सुमारास मैदुगुरीत महंमद युसूफ या धर्मोपदेशकाभोवती एक गट जमला, त्यालाच लोक बोको हराम म्हणू लागले. 2009 मध्ये त्यांची सरकारशी उघड लढाई झाली, युसूफ पोलिसांच्या ताब्यात असताना मारला गेला, आणि त्यानंतर गावंच्या गावं उठली. एप्रिल 2014 मध्ये चिबोकच्या शाळेतल्या 276 मुली पळवल्या गेल्या, तेवढी बातमी आपल्याकडे पोचली होती. पुढे संघटनेत फूट पडली, एक गट इस्लामिक स्टेटच्या नावाने लढू लागला. सैन्याने मोठी गावं परत मिळवली, पण दोन गावांमधला मुलूख काही पूर्ण हाती आला नाही. आज तालुक्याच्या गावात सैन्य आणि विस्थापित लोक राहतात, आणि गावाबाहेरचं रान कोणाच्या भरवशाचं नाही. शेतकऱ्याला शेत समोर दिसतं, जाता येत नाही. बाकी सगळं यातूनच निघालं आहे.

जाण्याची तयारी म्हणजे कागदपत्रं, पिवळ्या तापाची लस आणि त्या लसीचं पिवळं कार्ड, हिवतापाच्या गोळ्या, आणि सुरक्षेचं प्रशिक्षण. त्यात गोळीबार झाला तर कुठे आडवं व्हायचं, अपहरण झालं तर काय बोलायचं आणि काय नाही, हे प्रत्यक्ष करून घेतात. अबुजाहून मैदुगुरीला संयुक्त राष्ट्रांच्या विमानाने गेले. मैदुगुरीच्या रस्त्यावर पाऊल ठेवलं आणि समोर बजाजच्या रिक्षा! पिवळ्या, गर्दी करून उभ्या. तिथे त्यांना केके म्हणतात. 2011 मध्ये राज्य सरकारने भाड्याच्या मोटरसायकलींवर बंदी घातली, कारण हल्लेखोर त्यांवरूनच येत. तेव्हापासून शहर या रिक्षांवर चालतं. माझा मामेभाऊ वाळूजच्या कारखान्यात कामाला आहे, त्याला लगेच फोटो पाठवला.

मैदुगुरीहून डिक्वाला कर्मचारी हेलिकॉप्टरने जातात. रस्ता आहे, पण मालाचे ट्रकच त्यावरून जातात, तेही सैन्याची परवानगी आल्यावर. हेलिकॉप्टरही अगदी सुरक्षित असतं असं नाही. जुलै 2020 मध्ये दामासाकच्या आकाशात मदतीच्या हेलिकॉप्टरला गोळ्या लागल्या होत्या. सामान वजन करून घेतात, आपलंही वजन करतात. खाली सपाट माळ, पाण्याची तळी, मधूनच एखादं ओस गाव, छपरं नसलेल्या भिंती. वाटभर मला शेतात माणूस दिसला नाही, आणि तो जून महिना होता.

डिक्वाला उतरल्यावर मी आधी माती पाहिली. काळी, चिकट, पाऊस पडला की बूट ओढून घेणारी, आणि उन्हात भेगा पडणारी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उभी आहे असं वाटलं. चॅड सरोवराच्या दक्षिणेला असलेल्या या जमिनीला तिथे फिर्की म्हणतात, आणि तिच्यात मसाक्वा नावाची ज्वारी पिकते. पावसाळ्यात रोपं तयार करून ठेवायची, साचलेलं पाणी ओसरलं की सप्टेंबरच्या आसपास ती ओल्या जमिनीत लावायची, मग पुढचं पीक नुसत्या ओलीवर थंडीत वाढतं. आपली शाळूही अशीच येते, फक्त आपण पेरतो आणि ते लावतात. म्हणजे ही भुकेची भूमी नव्हे. पिढ्यानपिढ्या धान्य पिकवणारी माणसं आता गावाभोवती खणलेल्या खंदकाच्या आत तंबूत बसून रेशनची वाट बघतात. खंदकापलीकडे ठराविक अंतरापर्यंतच जायची मुभा. रस्त्याच्या आणि छावणीच्या जवळ ज्वारी-मक्यासारखं उंच पीक घ्यायला सैन्य मनाई करतं, कारण त्यात माणूस लपतो. युरिया मिळत नाही, कारण त्याचा स्फोटकांसाठी वापर होतो. प्रत्येक बंदीमागे कारण आहे, पण सगळ्या बंद्या एकत्र आल्या की त्याचा आकडा आमच्या वजनकाट्यावर दिसतो.

आता वॉर्डाबद्दल. पत्र्याच्या छपराची, ताडपत्रीच्या भिंतींची लांबट खोली, खाटा, मच्छरदाण्या, सोलरचे दिवे. बाहेर एक शेड, तिथे मुलं तपासायची. आपल्या अंगणवाडीताईंकडे असते तीच दंडघेराची पट्टी तिथेही आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. पायांवर अंगठा दाबून तीन सेकंद धरायचा आणि उचलायचा. दोन्ही पायांवर खळगा राहिला तर सूज, आणि सूज असेल तर घेर कितीही असो, मूल तीव्र कुपोषितच धरायचं. मग भुकेची चाचणी. शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट आईच्या हातात द्यायचं, शांत जागी बसवायचं, आणि मूल किती खातंय ते बघत राहायचं. खाल्लं आणि दुसरा आजार नसला, तर आठवड्याची पाकिटं घेऊन घरी. 92 ग्रॅमचं एक पाकीट, 500 कॅलरी. पाणी घालायला नको, शिजवायला नको, म्हणून ते उघड्यावर राहणाऱ्यांनाही चालतं. तोंड फिरवलं, किंवा ताप, जुलाब, न्यूमोनिया असला, तर आमच्याकडे दाखल.

जुलै-ऑगस्टमध्ये हिवतापाची साथ असते, आणि तेव्हाच घरातलं धान्य संपलेलं असतं. दोन्ही एकाच महिन्यात. त्या दिवसांत शेडमध्ये रांग सकाळी उजाडायच्या आधी लागायची.

दाखल झालेल्या मुलाला लगेच भरपेट खायला द्यायचं नसतं. उपाशी शरीराने स्वतःला आवरून घेतलेलं असतं. हृदय, मूत्रपिंड, आतडी सगळी मंद चालत असतात. अशा मुलाला सलाईन लावून भराभर पाणी चढवलं तर हृदय थकून मूल जाऊ शकतं. पण आयांना सलाईन हवं असतं, आपल्याकडेही हवंच असतं! बाटली लटकली म्हणजे उपचार चालू झाले असं वाटतं. मूल फारच शॉकमध्ये असेल तरच आम्ही सलाईनला हात लावायचो, बाकी जुलाबाला रेसोमाल नावाचं वेगळं द्रावण, ज्यात मीठ कमी आणि पोटॅशियम जास्त, तेही चमच्या-चमच्याने, मधून मधून वजन करत. आल्या आल्या साखरपाणी, अंग गरम ठेवायला टोपी आणि आईची छाती, ताप नसला तरी अँटिबायोटिक, कारण अशा मुलाला ताप आणायचीही ताकद नसते. लोहाचं औषध या टप्प्यात अजिबात नाही.

आणि दूध. पहिल्या टप्प्यातल्या दुधाला एफ-75 म्हणतात, 100 मिलीला 75 कॅलरी. 5.2 किलोच्या मुलाला किलोमागे 130 मिली धरले तर दिवसाचे 676, आठ वेळांत विभागून दर वेळी 85 मिली. अंगावर खूप सूज असेल तर किलोमागे 100 च. दर तीन तासांनी, म्हणजे रात्री नऊला, बाराला, तीनला, पहाटे सहाला. वाटीने पाजायचं, बाटली नाही. अंगावर पिणारं मूल असेल तर आधी आईचं दूध, मग हे. न पिणाऱ्याला नाकातून नळी. मी नंदुरबारमध्येही हेच शिकवत होते आणि डिक्वातही तेच करत होते. रात्री तीनचं दूध चुकलं की पहाटे साखर उतरलेलं थंड मूल हाती येतं. रात्रपाळीच्या सिस्टरने आळस केला नाही, तर अर्धं काम झालं. डिक्वाच्या सिस्टर्स आळस करत नव्हत्या. रात्री दूर कुठेतरी बंदुका वाजायच्या, दिवे मंद करायचा निरोप यायचा, आणि त्या कपाळाला टॉर्च बांधून खाटेखाटेवर वाट्या फिरवत असायच्या.

एका आईबद्दल सविस्तर लिहायचं आहे. वय पंचविशीच्या आत असावं. "आतून" आलेली, म्हणजे जिथे सरकार नाही आणि मदतही जात नाही अशा भागातून. मुलगी दोन वर्षांच्या आसपासची, अंगभर सूज, गाल तट्ट, मांड्यांवरची त्वचा पापुद्र्यासारखी सुटलेली, केस तांबूस आणि ओढले की हातात येणारे. अशी मुलं रडतही नाहीत, त्रासून किरकिरतात आणि पुन्हा गप्प होतात. आम्ही त्वचेला जस्ताचं मलम लावलं, सुती फडक्यात गुंडाळलं, दूध सुरू केलं.

दोन-तीन दिवसांनी सूज उतरायला लागली आणि साहजिकच वजन घटलं. आईला रोज काट्यावरचा आकडा दिसत होता. तिने आमच्या दुभाषी बाईला विचारलं, "मी हिला इथे आणली तर ही आणखी बारीक का होते आहे?" प्रश्न अगदी बरोबर होता. मग मी तिचा हात धरून मुलीच्या पायावर तिचाच अंगठा दाबायला लावला. काल खळगा किती खोल होता, आज किती, ते तिला स्वतःला कळलं. उतरतंय ते पाणी आहे हे तिला पटलं. पण त्याच संध्याकाळी ती निघायला तयार झाली. चटई गुंडाळली, मुलगी पाठीला बांधली.

कारण उपचाराचं नव्हतंच. तिची आणखी दोन मुलं तंबूत शेजारणीकडे होती, आणि शेजारणीकडे स्वतःची चार. शिवाय दुसऱ्या दिवशी नव्या लोकांची रेशनसाठी नोंदणी होती. बोटांचे ठसे द्यायला माणूस स्वतः हजर हवा. नोंदणी चुकली तर कदाचित महिनाभर रेशन नाही. तिने हिशोब सरळ मांडला: एका मुलीसाठी इथे थांबले तर दोघं उपाशी राहतील. त्यावर कुठलं समुपदेशन चालणार? नंदुरबारमध्ये मजुरी बुडते म्हणून बाया मूल उचलून नेतात, आणि फाइलवर आम्ही "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध गेले" असं लिहितो. मला त्या शब्दांचा तेव्हाही राग यायचा. सल्ला आमचा असतो, पोट तिचं असतं.

त्या रात्री आमच्या इन्चार्ज सिस्टरने काय केलं ते सांगते. ती स्वतः बामाची. सप्टेंबर 2014 मध्ये बामा पडलं तेव्हा घर सोडून पळालेली, पुढे मैदुगुरीत नर्सिंग शिकलेली. तिने वॉर्डाच्या राखणदाराला पाठवून आधी त्या आईची दोन मुलं वॉर्डात आणवली. शेडच्या कोपऱ्यात चटई टाकली, स्वयंपाकिणीला दोन ताटं जास्त करायला सांगितलं. मग सकाळी नोंदणीवाल्या संस्थेच्या माणसाकडे मी आणि ती दोघी गेलो. तो भला माणूस होता, पण नियम दाखवत होता: ठसे केंद्रावरच घ्यायचे. इन्चार्जने आवाज चढवला नाही. तिने फक्त वॉर्डातल्या नव्याने आलेल्या आयांची यादी त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "यातल्या कोणाचं मूल मेलं तर तुमचं केंद्रही रिकामं आणि माझी खाटही." दुपारी त्यांचा माणूस ठसे घ्यायचं यंत्र घेऊन वॉर्डात आला. पुढे आठवड्यातला एक दिवस ठरून गेला. तो दिवस ठरल्यापासून मधूनच निघून जाणाऱ्या आया खूप कमी झाल्या, हे मी रजिस्टर बघून सांगते आहे.

मुलगी थांबली. सूज पूर्ण गेली तेव्हा खाली किती हाडकुळं मूल होतं ते दिसलं. भूक परत आल्यावर तिने पाकीट ओरबाडून घेतलं. माझ्या कामातला हा क्षण मला आजही सगळ्यात प्रिय आहे. डोळे उघडतात, हात पुढे येतो, आणि मूल चिडतं. चिडलेलं मूल म्हणजे वाचलेलं मूल.

गावाच्या कडेला नव्या लोकांचं स्वागत केंद्र होतं. आम्ही ठरलेल्या दिवशी तिथे जाऊन पट्ट्या लावायचो. ईशान्य नायजेरियात साधारण 10 लाख लोक अशा भागात अडकले आहेत जिथे कोणतीही मदत पोचत नाही, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. तिथून रात्री चालत, दिवसा झुडपात लपत लोक येतात. पुरुषांना सैन्य वेगळं बसवून चौकशी करतं, म्हणून रांगेत दिसतात त्या बहुतेक बाया, मुलं आणि म्हातारी माणसं. त्या मुलांना कधीच लस मिळालेली नसते, गोवर एकाला झाला की सगळ्या तंबूंत फिरतो. नायजेरियातले पोलिओच्या जंगली विषाणूचे शेवटचे रुग्ण 2016 मध्ये याच बोर्नोत सापडले होते, कारण लस घेऊन जाणाऱ्या माणसालाच जाता येत नव्हतं. म्हणून आम्ही पट्टीबरोबर लसीचा डबा नेलाच पाहिजे असा आग्रह इन्चार्जचा असायचा. शुवा अरब बाया कनुरी बोलत नाहीत, कनुरी म्हाताऱ्या हौसा बोलत नाहीत, म्हणून तिन्ही भाषांच्या बाया सोबत न्यायचो.

मदतकार्य म्हटलं की परदेशी डॉक्टरांचे फोटो येतात. मी तिथे होते ते थोडे महिने. बाकी सगळं नायजेरियाची माणसं करतात, आणि त्यांतले बरेच जण स्वतः विस्थापित आहेत. किंमतही तेच मोजतात. मार्च 2018 मध्ये बोर्नोतल्याच रान नावाच्या गावावर हल्ला झाला, तिघा मदत कर्मचाऱ्यांना मारलं आणि तिघींना पळवून नेलं. त्यांतल्या सैफुरा खोरसा आणि हवा लिमान या रेड क्रॉसच्या दोन तरुण सुईणींना त्याच वर्षी ठार केलं. युनिसेफसाठी काम करणाऱ्या ॲलिस लोक्शा या नर्सला कैदेतून सुटायला 2024 उजाडलं. मार्च 2021 मध्ये डिक्वावरच हल्ला झाला तेव्हा मदत संस्थांच्या आवारात जाळपोळ झाली, कर्मचारी बंकरमध्ये अडकले. माझ्या काही सहकाऱ्यांनी ती रात्र गावात काढली होती. त्या परत कामावर आल्या. का, हे मी एकीला विचारलं तेव्हा ती वाट्या धूत होती. म्हणाली, "मुलं इथेच होती ना."

10 सप्टेंबरला मैदुगुरीजवळचं अलाऊ धरण फुटलं आणि निम्म्या शहरात पाणी शिरलं. 4 लाखांवर लोकांना त्याचा फटका बसला, मोठी रुग्णालयं बुडाली, तुरुंगाच्या भिंती कोसळून कैदी पळाले. डिक्वात आमच्याकडे आभाळ निरभ्र होतं. वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरचं घर मैदुगुरीत, फोन लागत नाहीत. एकीची आई शेजाऱ्यांच्या गच्चीवर असल्याचं दोन दिवसांनी कळलं. आमच्यापुढे वेगळाच पेच. गंभीर मुलं आम्ही मैदुगुरीला पाठवायचो, ते बंद. दुधाचे डबे आणि पाकिटं तिथून यायची, तीही अडली. एफ-75 किती दिवस पुरेल याचा हिशोब इन्चार्जने फळ्यावर लिहिला. डबा संपला तर काय करायचं, हेही ठरलेलं असतं: दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण मोजून तसंच दूध बनवता येतं. आम्ही बाजारातून साखर आणि तेल आणून ठेवलं. ट्रक वेळेत आला, पण त्या दिवसांत एकही वाटी सांडू नये म्हणून पाजताना हाताखाली ताट धरायची सवय लागली, ती पुढे तशीच राहिली.

घरी पाठवायची वेळ आली की माझं मन अस्वस्थ व्हायचं. मूल बरं होतं, यात शंका नाही. उपचार पक्का आहे, स्वस्त आहे, आणि दिवसांत फरक दिसतो. पण परत जायचं कुठे? 2024 च्या उन्हाळ्यानंतर बोर्नो, अदामावा आणि योबे या तीन राज्यांत 48 लाख लोकांना पुरेसं अन्न मिळणार नाही असा अंदाज होता, गेल्या सात वर्षांतला सर्वांत मोठा. त्यात नायरा, म्हणजे तिथलं चलन, कोसळलेला, देशात अन्नधान्याची महागाई 40 टक्क्यांवर गेलेली. रेशनमध्ये घेवड्यासारखं कडधान्य, धान्य, तेल मिळायचं, पण शिजवायला सरपण लागतं, आणि सरपण खंदकापलीकडे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गांबोरू-न्गालात सरपणाला गेलेल्या लोकांना घेरून पळवलं, बहुतेक बाया आणि मुलं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने दोनशेच्या वर. त्याआधी नोव्हेंबर 2020 मध्ये झबरमारीच्या भाताच्या शेतात किमान 43 मजुरांना मारलं होतं. बायकांना हे सगळं ठाऊक असतं. तरी त्या जातात. पुरुष गेले तर मारतात, बाया गेल्या तर पळवतात किंवा अब्रू घेतात, म्हणून आपणच जायचं, असं ठरवून जातात. रेशनच्या पोत्याबरोबर सरपण किंवा कमी सरपणात पेटणारी चूल देणं ही चैन नाही, संरक्षण आहे, हे मला तिथे कळलं. मी प्रत्येक अहवालात ते लिहीत राहिले.

जाताना आम्ही आयांना दोन गोष्टी द्यायचो. एक, दंडघेराची पट्टी त्यांच्याच हातात. दर आठवड्याला घरी मोजा, लाल रंग दिसला की वाट न बघता या. अक्षरओळख नसलेल्या बाया आमच्यापेक्षा नेटाने मोजायच्या. दुसरी, टॉम ब्राउन. ज्वारी किंवा बाजरी, सोयाबीन आणि शेंगदाणे भाजून दळलेलं पीठ, त्याची पेज. बायांचे गट बसून ते बनवायचे. मी नाचणीचं सत्त्व कसं करतो ते सांगितलं, त्यांनी मोड आणायचं लगेच उचललं. मोडाच्या पिठाची पेज पातळ राहते आणि मूल जास्त खातं, एवढंच त्याचं कारण.

माझी मुदत डिसेंबरात संपली. तोपर्यंत पाणी ओसरलं होतं आणि खंदकाजवळच्या पट्ट्यात, जिथवर मुभा होती तिथवर, मसाक्वाची रोपं उभी होती. सुजलेल्या मुलीची आई एका शेतात रोजाने लावणीला गेली होती, तिने मजुरीत धान्य घ्यायचं ठरवलं होतं, हे तिनेच तपासणीला आल्यावर सांगितलं. मुलीचा दंडघेर पट्टीच्या हिरव्या भागात होता.

2025 उजाडताच अमेरिकेची मदत आटली आणि इतर देशांनीही हात आखडता घेतला. माझ्या जागी यायची होती त्या सिस्टरचं पदच रद्द झालं. मला त्याचं दुःख नाही, वॉर्ड चालवायला इन्चार्ज समर्थ आहे, खरं तर माझ्याहून जास्त. दुःख आहे ते रात्रपाळीतल्या दोन स्थानिक मुलींच्या नोकऱ्या गेल्या याचं, कारण तीनचं दूध त्यांच्यावर चालायचं. जुलैमध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने जाहीर केलं, की पैसे संपल्यामुळे ईशान्य नायजेरियातल्या 13 लाख लोकांचं अन्न थांबवावं लागेल, आणि बोर्नो-योबेमधली 150 च्या वर पोषण केंद्रं बंद पडतील. मी इन्चार्जला फोन केला. तिने आधी माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, मग वॉर्डाचं सांगितलं: खाटा कमी केल्या आहेत, दाखल करायची वेळ आली की आता अगदी शेवटच्या टप्प्यातल्या मुलाचीच निवड करावी लागते, नोंदणीचा दिवस मात्र तिने बंद पडू दिलेला नाही. आयांच्या ताटांसाठी ती गावातल्या बायांच्या गटाकडून पीठ घेते. पाकिटांचा पुढचा ट्रक मैदुगुरीत भरून उभा आहे, परवानगी आली की निघेल, असं ती म्हणाली, आणि आत कोणीतरी हाक मारल्यामुळे फोन ठेवला.